हवेवर पळतं, वाफेवर रुसतं: ४५ मिमी रुळावरच्या वाफेच्या इंजिनाचा दोष कसा शोधावा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. चासी (चाकं आणि सिलिंडर बसवलेला सांगाडा) रोलरवर ठेवली, कंप्रेसरची नळी जोडली, चाकं शिवणयंत्रासारखी फिरली. मग बॉयलर बसवला, गॅस पेटवला, प्रेशर गेजचा काटा ३ बारवर आला (१ बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब), रेग्युलेटर म्हणजे वाफेची तोटी उघडली आणि धुराड्यातून पाण्याचे फवारे उडाले. इंजिन दोन हात पुढे गेलं आणि थांबलं. ढकललं की आणखी हातभर. पाच मिनिटांत काटा १ बारवर, ज्योतही मलूल. मग बनवणारा व्हॉल्व्हचं टायमिंग (वाफ कधी आत घ्यायची, कधी सोडायची ते) उसकटायला घेतो. बऱ्याचदा तेवढी एकच गोष्ट आधीपासून बरोबर असते.

खालचे आकडे एका नेहमीच्या मापाच्या इंजिनाला धरून आहेत: दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १५ मिमी, स्लाइड व्हॉल्व्ह (सपाट सरकती झडप), वॉलशर्ट गिअर (झडप हलवणारी आणि दिशा बदलणारी दांड्यांची रचना), चाक ४० मिमी, तांब्याचा सुमारे २०० मिमी लांब बॉयलर, आत एकच फ्लू (पाण्यातून जाणारी ज्योतीची नळी) आणि त्यात गॅस बर्नर, २५० मिली पाणी, सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडणारा. तुमचं माप वेगळं असलं तर आकडे बदलतील, शोधायची रीत तीच राहील.

नऊ ग्रॅमांचा हिशेब

अशा इंजिनाचा बर्नर साधारण ७०० वॅटचा असतो. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त उष्णता पाण्यात जाते, बाकीची धुराड्यातून निघून जाते. तेवढ्या उष्णतेवर मिनिटाला सुमारे ९ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ३ बारला एक ग्रॅम वाफ ०.४६ लिटर जागा घेते, म्हणजे बॉयलर मिनिटाला जेमतेम ४ लिटर वाफ देतो. साधा १ एचपीचा कंप्रेसर याच्या कितीतरी पट हवा देतो. कंप्रेसर उधळ्या, बॉयलर चिक्कू. हवेवर मिनिटाला दोन लिटर गळती असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. वाफेवर तीच गळती अर्धा बॉयलर खाते. ३ बारला ०.३ मिमीच्या एका भोकातून मिनिटाला सुमारे २ ग्रॅम वाफ निसटते, आणि ०.३ मिमी म्हणजे चांगल्यापैकी जाड सुईचं टोकसुद्धा नाही.

आता गरज बघा. चाकाच्या एका फेऱ्याला दोन्ही सिलिंडरांचे चार स्ट्रोक मिळून ९.२ मिली जागा होते. मिनिटाला १२० फेरे, तीनचतुर्थांश स्ट्रोकपर्यंत वाफ आत, व्हॉल्व्ह पेटीत १ बार, असं धरलं तर मिनिटाला लागते फक्त १ ग्रॅमच्या आसपास वाफ. म्हणजे कागदावर नऊपट चैन आहे. तरीही इंजिन थांबतं, तेव्हा प्रश्न एकच उरतो: बाकीचे आठ ग्रॅम गेले कुठे? एक तर ते बनलेच नाहीत, किंवा बनून सिलिंडरात पुन्हा पाणी झाले, किंवा काम न करता निसटले. यात चौथी शक्यता धरावी लागते: वाफ पोचली, पण तापलेलं यंत्रच आवळलं.

हा प्रश्न छोट्या मॉडेलला जन्मजात चिकटलेला आहे. १७६३–६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाचं न्यूकोमेन इंजिनाचं (पाणी उपसणाऱ्या जुन्या वाफेच्या यंत्राचं) मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं. सिलिंडर दोन इंच व्यासाचा. थोडे स्ट्रोक मारून ते थांबायचं, कारण बॉयलर पुरा पडायचा नाही. लहान सिलिंडरात आकारमानाच्या मानाने धातूचा पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे बहुतेक वाफ भिंत तापवण्यातच जात होती. त्यातून वॉटला १७६५ मध्ये वेगळ्या कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या भांड्याची) कल्पना सुचली. १:१९ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्शाच्या मॉडेलात, पृष्ठभागाचं आकारमानाशी गुणोत्तर खऱ्या इंजिनाच्या १९ पट होऊन बसतं. तेव्हा तुमच्या इंजिनाची अडचण वॉटच्या टेबलावर आलेल्या मॉडेलच्या जातीचीच आहे.

आधी घड्याळ, मग पाना

काहीही खोलण्याआधी इंजिन नेमकं कधी थांबतं ते लिहून ठेवा. निम्मं निदान त्यातच होतं.

रेग्युलेटर उघडताच अडकलं आणि चाक हाताने ढकलल्यावर पाणी बाहेर फेकलं गेलं, तर थंड सिलिंडरात पाणी साचलंय. एकदोन मिनिटं चालून आवळलं आणि थोडा वेळ थांबल्यावर आपोआप मोकळं झालं, तर पिस्टन किंवा रिंग फुगतेय. पाचसहा मिनिटांनी आधी ज्योत बारीक झाली आणि मग प्रेशर उतरलं, तर दोष गॅसच्या टाकीत आहे. ज्योत नीट आहे पण प्रेशर उतरतच चाललंय, तर गळती. दहापंधरा मिनिटांनी किरकिर सुरू झाली आणि क्रॉसहेड (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता ठोकळा) झटके देऊ लागलं, तर तेल संपलंय किंवा पोचतच नाहीये.

हवेची चाचणी नीट कशी घ्यायची

बहुतेक जण २ बारला हवा लावतात आणि खूश होतात. तेवढ्या दाबाला वाकलेला कनेक्टिंग रॉडही फिरतो. कंप्रेसरच्या रेग्युलेटरने दाब ०.५ बारवर आणा. १४ मिमीच्या पिस्टनवर तेव्हा जेमतेम पाऊण किलोचा जोर येतो. एवढ्यावर चाकं दोन्ही दिशांना, कुठल्याही बिंदूवर न अडता, सावकाश फिरली पाहिजेत. त्यासाठी १.५ बार लागत असेल तर वाफ काढायची घाई नको. घर्षण कुठे आहे ते सुटं करून शोधा: क्रॉसहेडची पिन काढा आणि पिस्टन रॉड स्प्रिंग बॅलन्सने ओढा. एका सिलिंडराला २०० ग्रॅमपेक्षा जास्त ओढ लागू नये. ओ-रिंग घातलेल्या पिस्टनचा दोष इथेच पकडला जातो. १.७८ मिमी जाडीच्या रिंगला ०.१ मिमी दाब पुरतो. जास्त दाबली तर ती ब्रेक होते. खाच रिंगच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट रुंद हवी. रिंग व्हायटॉन रबराची घ्या. साधी नायट्राइल रबराची इतक्या तापमानाला कडक होऊन तडकते, आणि ईपीडीएम रबराला वाफ चालते पण तेल चालत नाही.

आता दुसरी चाचणी, जी फार कमी लोक करतात आणि जिच्यामुळे आठवडे वाचतात: गरम हवेची. चासी रोलरवर, ०.५ बार हवा चालू, आणि हीट गनने दोन्ही सिलिंडर हळूहळू १२० अंशांपर्यंत तापवा. तापमान मल्टिमीटरच्या थर्मोकपलने बघा, अंदाजाने नाही. गन हातभर लांब धरा. जवळून एकाच जागी धरली तर रंग करपतो, शिवाय नरम कथलाचा डाख कुठे असेल तर तो १८० अंशांच्या आसपास सुटतो. टेफ्लॉनच्या रिंगवर थेट ज्वाला किंवा तापलेली गन कधीच नाही, जास्त तापमानाला त्यातून विषारी धूर निघतो.

गरम हवेवर इंजिन आवळलं तर दोष प्रसरणाचा. गरम हवेवर छान चाललं आणि वाफेवरच अडतंय, तर यंत्र निर्दोष आहे. मग पाणी, तेल किंवा वाफेचा पुरवठा बघा आणि टायमिंगला हात लावू नका.

गरम झाल्यावर काय फुगतं

पितळ एक अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१९ मिमी फुगतं, गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) ०.०१८, तांबं ०.०१७, पोलाद ०.०१२, बीड ०.०११. टेफ्लॉन मात्र ०.१२ च्या आसपास, म्हणजे पितळाच्या सहापट. बहुतेक घोटाळे या एका ओळीतून निघतात.

बिडाच्या सिलिंडरात पितळी पिस्टन असेल तर १४ मिमी व्यासावर ११५ अंशांच्या फरकाने ०.०१३ मिमी अंतर कमी होतं. ही अखेरची स्थिती झाली. सुरुवातीला यापेक्षा वाईट होतं, कारण पिस्टन हलका असल्याने मिनिटभरात तापतो आणि सिलिंडरचा गोळा अजून कोमटच असतो. पिस्टन १३० अंशांवर, सिलिंडर ५० वर, तर गनमेटलच्या सिलिंडरातही ०.०२ मिमी अंतर नाहीसं होतं. ‘एकदोन मिनिटांनी आवळतं आणि मग सुटतं’ ते यामुळे. लेथवर ०.०१ मिमीच्या अंतराने बसवलेला सुंदर पिस्टन इथे शत्रू ठरतो. व्यासावर ०.०५ मिमी अंतर ठेवा. वाफ अडवायचं काम पॅकिंगचं किंवा रिंगचं आहे, पिस्टनच्या धातूचं नाही.

टेफ्लॉनची रिंग ३ मिमी रुंद असेल आणि खाचही बरोबर ३ मिमी, तर गरम झाल्यावर ती रुंदीत ०.०४ मिमी फुगते, खाच फक्त ०.००६ मिमी. रिंग खाचेत घट्ट बसते आणि बाहेरच्या बाजूला सिलिंडर घासते. रुंदीत ०.०८ ते ०.१ मिमी सूट ठेवा. आणखी एक खोड: टेफ्लॉनचं आकारमान १९ अंशांच्या आसपास एकदम सुमारे एक टक्का बदलतं. पुण्या-नाशकात जानेवारीच्या सकाळी १४ अंशांवर कातलेली रिंग दुपारी मोजली तर वेगळं माप दाखवते. माप घेण्याआधी तुकडा तासभर २५ अंशांच्या खोलीत ठेवायचा, म्हणजे भांडण मिटतं.

बॉयलरकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. २०० मिमी तांबं ३० वरून १४४ अंशांवर गेलं की ०.३९ मिमी लांबतं. खालची पोलादी फ्रेम ६० अंशांपर्यंतच तापते आणि ०.०७ मिमी लांबते. उरलेले ०.३ मिमी जाणार कुठे? बॉयलर पुढे स्मोकबॉक्सला (धुराड्याखालच्या कप्प्याला) आणि मागे कॅबला, दोन्हीकडे स्क्रूने आवळला असेल तर फ्रेम कमानीसारखी ताणते, मागचे ॲक्सल बॉक्स (आसाचे आधार) तिरपे होतात आणि चाकं जड फिरू लागतात. थंड झाल्यावर सगळं सुरळीत, म्हणून दोष सापडत नाही. बॉयलर फक्त पुढे पक्का करा. मागच्या कंसात स्क्रूचं भोक आडवं, लांबट करा म्हणजे तो सरकेल. वाफेच्या नळीलाही एक वळसा द्या. सरळ ताठ नळी प्रत्येक तापण्याला युनियनच्या (नळीच्या आट्याच्या जोडाच्या) कोनावर ओढ देते, आणि ‘युनियन दर वेळी गळते, किती आवळू’ या प्रश्नाचं मूळ बहुधा तिथे असतं. आणखी आवळू नका, आटे जातील.

थंड सिलिंडरातलं पाणी

दोन गनमेटल सिलिंडरांचं वजन २५० ग्रॅम धरा. ते ३० वरून १३० अंशांवर न्यायला साडेनऊ किलोज्यूल लागतात. तेवढी उष्णता देताना साडेचार ग्रॅम वाफेचं पाणी होतं. सिलिंडराच्या एका बाजूची जागा अवघी २.३ मिली. म्हणजे सुरुवातीला दोन्ही सिलिंडर शब्दशः पाण्याने भरू शकतात, आणि पाणी दाबलं जात नाही. स्लाइड व्हॉल्व्ह असेल तर तो पाण्याच्या दाबाने आपल्या फेसवरून (ज्यावर तो सरकतो त्या सपाट पृष्ठभागावरून) उचलला जाऊन पाणी सोडून देतो. पिस्टन व्हॉल्व्हला (दंडगोल झडपेला) ही सोय नाही, त्यामुळे तिथे रेग्युलेटर झटक्यात उघडला तर रॉड वाकतो.

उपाय साधा आहे, पण धीर लागतो. १ बारला रेग्युलेटर केसभर उघडा, इंजिन हाताने फूटभर पुढे, फूटभर मागे, असं सातआठ वेळा न्या. गिअर त्या त्या दिशेला टाका. ड्रेन कॉक (सिलिंडरातलं पाणी काढायच्या तोट्या) असतील तर उघडे ठेवा. धुराड्यातून गढूळ पाण्याऐवजी वाफ येऊ लागली की सिलिंडर तापले. धुराड्यावर जुनं फडकं धरा, नाहीतर तेलकट पाणी छतावर आणि चष्म्यावर येतं.

सिलिंडर कायमच पाणी थुंकत असतील तर तीन गोष्टी बघा. सिलिंडरांवर आवरण आहे का: १ मिमी सिरॅमिक कागद आणि वर पितळी पत्रा एवढंही चालतं. बॉयलरवर २ ते ३ मिमी फेल्टचा थर आणि लाकडी पट्ट्या किंवा पत्रा आहे का. आणि वाफेची नळी फ्लूमधून परत फिरवली आहे का. ज्योतीतून जाणारी ती नळी स्टेनलेसची घ्या, तांब्याची तिथे नरम पडते आणि काही दिवसांत चाळण होते.

गळती कुठे आहे

चाकाखाली लाकडी पाचर मारून इंजिन रोखा. एका सिलिंडरची वाफेची नळी आंधळ्या नटने बंद करा, एका वेळी एकच तपासायचा. चालू सिलिंडरचा पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर, गिअर मधल्या स्थितीत. अशा वेळी व्हॉल्व्ह दोन्ही पोर्ट (सिलिंडरात वाफ जाण्याच्या वाटा) झाकून बसलेला असतो. १ बार हवा सोडा आणि धुराड्याच्या नोझलला (वापरलेली वाफ सुटते त्या तोंडाला) कान लावा. हवा येत असेल तर व्हॉल्व्ह आणि पोर्टची फेस यांच्यात फट आहे. ती बंद असेल तर गिअर पूर्ण पुढे टाका, एक पोर्ट उघडेल. आता हवा आली तर ती पिस्टनला वळसा घालून येतेय. हीच चाचणी सिलिंडर तापवून पुन्हा करा. थंडीत बंद असलेली फट गरमीत उघडलेली सापडली तर आश्चर्य मानू नका. लॅप (पोर्टच्या कडेपलीकडे जाणारी जादा रुंदी) नसलेल्या साध्या व्हॉल्व्हवर मध्यस्थिती फार नाजूक असते, तिथे चाक अगदी थोडं पुढेमागे करून सर्वात कमी हवा येणारी जागा शोधावी लागते.

फेस खराब असेल तर काचेच्या जाड तुकड्यावर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, दोन थेंब तेल, आणि व्हॉल्व्ह इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग लावून ठसा बघा. कडा पूर्ण उमटल्या पाहिजेत, मधला भाग फिकट राहिला तरी चालेल. व्हॉल्व्ह त्याच्या नटवर ०.१ ते ०.१५ मिमी वर-खाली हलला पाहिजे. नट घट्ट बसला असेल तर रॉडच व्हॉल्व्हला फेसपासून उचलून धरतो, आणि मग कितीही घासा, गळती तशीच.

ग्लँडचं (पिस्टन रॉड सिलिंडरातून बाहेर येतो तिथल्या जोडाचं) पॅकिंग ग्राफाइटच्या दोरीचं किंवा पिळून दोरीसारख्या केलेल्या टेफ्लॉन टेपचं असतं. ग्लँड नट बोटांनी आवळा, पान्याने नाही. थोडा ओलावा झिरपलेला चालतो. कोरडी ठणठणीत ग्लँड म्हणजे पिस्टन रॉडला लावलेला ब्रेक.

तेल

इथे थोडक्यात, कारण चूक एकच आणि सर्रास होते: मोटारीचं इंजिन ऑइल. त्यातल्या डिटर्जंटमुळे ते पाण्यात मिसळून पांढरा लगदा होतो आणि धुऊन जातं. ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल लागतं. त्यात चरबीचा अंश असतो, म्हणून ते ओल्या भिंतीला धरून राहतं. १४० नंबरचं गिअर ऑइल घट्टपणाने जवळ जातं, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळ-गनमेटल खातात.

डिस्प्लेसमेंट ल्युब्रिकेटरमध्ये (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीत) वाफ थंड होऊन पाणी तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन बारीक भोकातून वाफेत जातं. भोक ०.४ ते ०.५ मिमी. प्रत्येक धावेनंतर तळाचं पाणी काढा, मग तेल भरा. पाण्याऐवजी भरलेलंच तेल परत मिळालं तर तेल गेलंच नाही: भोक बुजलंय, किंवा ल्युब्रिकेटर बॉयलरला इतका चिकटून आहे की आत वाफ थंडच होत नाही. त्याला बॉयलरपासून १० मिमी लांब, उघड्या हवेत ठेवा.

आग: बनतंच नाही तेव्हा

बॉयलर एकटाच तपासता येतो, आणि तपासावाच. तो आधी पाण्याच्या दाबावर पास झालेला असला पाहिजे: नवा असेल तर कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ६ बार, हातपंपाने, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. ते झालं असेल तर २५० मिली पाणी भरा, रेग्युलेटर बंद, बर्नर पेटवा, घड्याळ लावा. ३० अंशांच्या पाण्यापासून ३ बारला यायला सहा-सात मिनिटं लागावीत. दहा लागत असतील तर आग कमी आहे. मग सेफ्टी व्हॉल्व्ह दहा मिनिटं उडू द्या, बर्नर बंद करा, पूर्ण थंड झाल्यावर उरलेलं पाणी मोजा. ८० ते ९० मिली गेलं असेल तर तुमचा बॉयलर नऊ ग्रॅमवाला आहे. ४० गेलं असेल तर चासीला दोष देणं सोडा. पाणी फ्लूच्या वर राहील इतकाच वेळ ही चाचणी चालवा. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळून ‘थोडं जास्त प्रेशर’ मिळवायचा मोह टाळा.

आग कमी असण्याचं पहिलं कारण जेट, म्हणजे गॅस सुटतो ते बारीक तोंड. त्याचं भोक ०.१५ ते ०.२५ मिमी. आपल्याकडे स्टोव्हची पिन घालायची सवय हाताला आहे, इथे ती घातली की भोक अंडाकृती होतं आणि जेट फेकून द्यावा लागतो. जेट ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवा आणि उलट्या बाजूने गॅसचा दाब मारा. ज्योत पिवळी असेल तर हवेची भोकं बुजलीत, गुरगुरत असेल तर हवा जास्त, आणि ज्योत फ्लू सोडून स्मोकबॉक्समध्येच जळत असेल तर गॅस जास्त.

दुसरं कारण टाकीचा गारवा. ४० मिली टाकीत २३ ग्रॅम ब्युटेन मावतो आणि २५ मिनिटांत जळतो. द्रव ब्युटेनची वाफ व्हायला सतत साडेपाच वॅट उष्णता लागते. बाहेरून ती मिळाली नाही तर छोटी पितळी टाकी मिनिटाला सुमारे ४ अंश गार होते. ब्युटेनचा दाब २० अंशांना गेजवर १.१ बार असतो, शून्य अंशाला जवळपास काहीच नाही. पाचव्या मिनिटाला ज्योत का बारीक होते, ते यातच आलं. टाकी टेंडरमध्ये (इंजिनामागच्या डब्यात) असेल तर तिच्याभोवती पाण्याचं खोकं करा आणि त्यात ३५ अंशांचं कोमट पाणी घाला. उकळतं पाणी, गरम फडकं, लायटर, यातलं काहीही टाकीजवळ नको. टाकीत कॅम्पिंग स्टोव्हच्या ब्युटेनच्या डब्यातलाच गॅस, उघड्यावर, आसपास ज्योत नसताना भरा. घरगुती एलपीजीत प्रोपेन असतो, त्याचा दाब ४० अंशांना १२ बारच्या पुढे जातो, आणि ही टाकी त्यासाठी केलेली नाही.

तिसरं कारण गमतीचं, आणि हवेवर कधीच दिसत नाही. एक्झॉस्टचं नोझल धुराड्याच्या बरोबर मध्यात, उभं नसेल तर सुटलेली वाफ धुराड्याच्या भिंतीवर आपटून स्मोकबॉक्समध्ये मागे येते, फ्लूचा श्वास कोंडते आणि ज्योत विझते. इंजिन उभं असताना आग उत्तम, धावायला लागलं की मरते, अशी तक्रार असेल तर सरळ इथेच बघा. नोझलच्या भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घाला आणि ती धुराड्याच्या तोंडाशी चारही बाजूंनी सारख्या अंतरावर येते का ते मोजा. अर्धा मिमी फरकही जाणवतो. नोझल फार बारीक केलं तर झोत छान वाटतो, पण सिलिंडरात मागचा दाब उरतो आणि ज्योत ओढली जाऊन विझते. कोळशाच्या इंजिनाला जे नोझल लागतं ते गॅसला चालत नाही. इथे भोक मोठं, २.५ ते ३ मिमी ठेवा.

पाणी आणि तेलाचा फेस

८० टक्के भरलेला बॉयलर १४४ अंशांवर ८६ टक्के भरलेला असतो, कारण पाणी फुगतं. म्हणून काठोकाठ भरायचं नाही. चढावर तर आणखी सांभाळा. माथेरानच्या लाईनसारखा १ इन २० चढ बागेत करायची हौस पुष्कळांना असते. त्या चढावर २०० मिमी बॉयलरच्या दोन टोकांत पाण्याची पातळी १० मिमीने वेगळी होते. एका टोकाला फ्लू उघडी पडते किंवा दुसऱ्या टोकाला रेग्युलेटर पाणी ओढतो. सपाट रुळावर सगळं जमल्याशिवाय चढाची परीक्षा घेऊ नका.

दख्खनच्या बोअरचं पाणी जड असतं, वर्षभरात फ्लूवर क्षाराचा पांढरा थर बसतो. पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात थेट धरलेलं पावसाचं पाणी गाळून बाटल्यांत ठेवलं तर वर्षाची सोय होते. आधीचा थर ५ टक्के सायट्रिक ॲसिडने काढा आणि तीनदा धुवा.

बॉयलर मध्येच पाणी उचलू लागला, म्हणजे वाफेबरोबर पाणीही जाऊ लागलं, आणि आधी तसं होत नव्हतं, तर आत तेल गेलंय. नव्या बॉयलरात ते कातकामाचं किंवा फ्लक्सचं असतं. जुन्यात ते ल्युब्रिकेटरमधून येतं: धाव संपल्यावर बॉयलर गार होतो, आत निर्वात तयार होतं आणि उघड्या राहिलेल्या रेग्युलेटरमधून तेलकट पाणी मागे शोषलं जातं. पुढच्या वेळी त्याचा फेस होतो आणि सिलिंडर पाणी थुंकायला लागतात. धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी घालून हलवा, ओता, साध्या पाण्याने चार वेळा धुवा. आणि यापुढे गॅस पाण्याच्या आधी संपेल एवढाच भरा, काटा शून्यावर आला की रेग्युलेटर बंद करा, भरणीचं बूच पाव फेरा सैल करून हवा आत जाऊ द्या, आणि इंजिन कोमट असतानाच ल्युब्रिकेटरच्या तळाचं पाणी काढून टाका.